हालू नोका, भाचेजी

ज्या माणसाच्या पाया पडावं असं मला आयुष्यभर वाटत आलं, त्याच्या पाया मला एकदाही पडता आलं नाही. एकदा प्रयत्न केला होता. तेव्हा ते पायाशी साप दिसल्यासारखे मागे उडाले आणि अंगणातल्या तुळशीच्या ओट्यावर आदळले. ते माझे सख्खे मामा, शालिकराम. मी तेव्हा कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होतो. मिरजेजवळच्या आमच्या गावाहून दिवाळीच्या सुट्टीत पहिल्यांदाच आईच्या माहेरी आलो होतो. गाडीत बसल्या बसल्या मी मनाशी ठरवलं होतं की पोचल्यावर सगळ्यात आधी मामांच्या पाया पडायचं, मग बाकीचं बोलायचं. आमच्याकडे मुलाचं वळण त्यावरूनच बघतात. लाखनीला हायवेवर उतरून, ट्रकच्या धुरळ्यातून वाट काढत आतल्या रस्त्याला लागलो. रस्त्याच्या दोन्ही अंगांना कापलेल्या धानाच्या बांध्या होत्या, मध्येच तलाव चमकत होता, आणि मी आपला मनातल्या मनात वाकण्याची तालीम करत चाललो होतो.

मामा शेतातून नुकतेच आले होते. मामीनं पाण्याचा लोटा भरून माझ्या हातात दिला, पाय धुवायला. मी पाय धुतले, पिशवी खाली ठेवली आणि वाकलो. मामा उडाले ते तेव्हाच. "अरे बाप्पा, हे का करून राहिले तुम्ही?" असं ते इतक्या भेदरलेल्या आवाजात म्हणाले की मला वाटलं, माझा हात कुठे भलतीकडेच लागला. मी सरळ होतो न होतो तोच ते स्वतः वाकले आणि त्यांनी दोन्ही हात माझ्या ओल्या पावलांवर ठेवले. आता उडायची पाळी माझी होती. मी उडालो. मामा पुन्हा पुढे आले, मी पुन्हा मागे. अंगणात आमचं हे असं चाललेलं पाहून कुत्रं भुंकायला लागलं आणि मामी पदर तोंडाशी धरून भिंतीला टेकली. हसू आवरल्यावर तिनं मला समजावलं. त्यांच्याकडे भाच्यानं मामाच्या पाया पडायचं नसतं. मामानं भाच्याच्या पडायचं. बहिणीचं लेकरू मामाला देवासारखं. ते पाया पडलं तर मामाला पाप लागतं. "तुमच्या मायनं सांगतलं नाई का जी?" तिनं विचारलं.

आईनं सांगितलं नव्हतं. आईनं मला पुष्कळ गोष्टी सांगून पाठवलं होतं. डबा कुठल्या स्टेशनवर उघडायचा, मामीची साडी चुरगळू द्यायची नाही, कुणी काही वाढलं तर नाक मुरडायचं नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे मामाला हो म्हणवून यायचं. माझ्या थोरल्या बहिणीचं, नंदाताईचं लग्न माघात ठरलं होतं. नवरीला मांडवात आणायला मामा लागतो. आणि आमचे मामा, मला कळतं तेव्हापासून, आमच्या घरी आलेले नव्हते. आईला त्यांनी टाकलं होतं असं नाही. कुणी त्या बाजूचं येणारं भेटलं की तांदूळ यायचे, जवस यायचं, वाळवलेले झिंगे यायचे, ज्यांच्या वासानं माझी आजी घर डोक्यावर घ्यायची. फक्त मामा यायचे नाहीत. पत्र पाठवून झालं होतं, वडिलांनी पाठवलेला माणूसही हात हलवत परत आला होता. शेवटी आई म्हणाली, तू जा. तुला नाही म्हणायचं नाही तो. का म्हणायचं नाही, हे तिनं सांगितलं नाही.

मी पत्रिका दिली. मामांनी ती दोन्ही हातांनी घेतली, कपाळाला लावली आणि देवाच्या कोनाड्यात ठेवली. "धान चुरलं की पाहू," म्हणाले. आमच्याकडे मळणी म्हणतात त्याला ते चुरणं म्हणायचे, आणि त्या वेळी शेतात धानाचे पुंजणे घरांएवढे उभे होते. एवढं सगळं चुरून होईपर्यंत मी काय करायचं हा प्रश्नच होता. मामी म्हणाली, करायचं काय, राहायचं.

तर मी राहिलो. आज मागे वळून पाहताना तो काळ मला माझ्या तरुणपणातला सगळ्यात सुखाचा काळ वाटतो, आणि तसा वाटतो याचीही थोडी लाज वाटते, कारण त्या सुखात माझं कर्तृत्व काहीच नव्हतं. मला कुणी काही करूच देत नव्हतं. आमच्याकडे जेवलेलं ताट आपलं आपण उचलायचं, तशी सवय. पहिल्या दिवशी मी ताट घेऊन उठलो तर मामी धावत आली आणि तिनं ते माझ्या हातातून जवळजवळ हिसकावून घेतलं. भाच्यानं उष्टं उचलायचं नसतं. खळ्यावर गेलो तर माझ्यासाठी तणसाची, म्हणजे भाताच्या पेंढ्याची, बसकण तयार असायची. पेंढी उचलायला गेलो की कुणीतरी "राहू द्या जी" म्हणून ती हातातून घ्यायचं. जेवायला आधी मी बसायचं, माझं होईपर्यंत घरातलं कुणी हात धुवायचं नाही. आणि मी भाकरीवर वाढलेला माणूस. भातानं माझं पोट भरल्यासारखं वाटायचंच नाही, म्हणून मी आणखी मागायचो, आणि दाराच्या आड उपाशी बसलेले मामा समाधानानं म्हणायचे, "जेवतात चांगले." हे मला पुष्कळ दिवसांनी कळलं. कळल्यावर मी तिसऱ्यांदा भात मागायचं सोडलं, तर मामीला काळजी लागली की स्वयंपाक बिघडला.

त्या घराचे आवाज अजून कानात आहेत. पहाटे मामीचा झाडू, मग विहिरीची कप्पी, मग बैलांच्या गळ्यातल्या घंटा. चुलीवर भाताचं झाकण खडखडायला लागलं की घरभर नव्या तांदळाचा वास पसरायचा, आणि तो वास एवढा गोड असायचा की नुसत्या वासावर अर्धं जेवण व्हायचं. लाखोरीच्या डाळीचं वरण, वालाच्या शेंगा घातलेलं वांगं, तलावातली लहान मासोळी, जवसाची चटणी. माझ्यासाठी मामी तांदळाची भाकर थापायची आणि ती पातळ होत नाही म्हणून स्वतःवरच चिडायची. मी तिला म्हणायचो, मामी, भाकरी असू दे, भात चालतोय मला. तर ती मामांना हळूच विचारायची, "भाचेजी रागावले का?" आमच्याकडचं बोलणं असं आहे की प्रेमानं बोललं तरी शेजारच्या रानात ऐकू जातं. त्यांच्याकडे प्रत्येक वाक्याच्या शेवटी एक 'जी' ठेवून द्यायची पद्धत, पाटावर पाहुणा बसवावा तसा. मी आवाज खाली आणायला शिकलो. 'जी' लावायलाही लागलो, पण तो माझ्या तोंडात भलत्याच जागी यायचा आणि शेजारची पोरं हसून लोळायची.

कुणाच्याही घरी गेलं की आधी पाणी. तहान असो नसो, लोटा पुढे आला की निदान एक घोट घ्यायचा. नको म्हटलं तर त्या घराशी आपलं काहीतरी बिनसलंय असा अर्थ होतो. पहिल्या आठवड्यात मी पाच-सात घरी सरळ "नको" म्हणून आलो होतो. मामी नंतर एकेका घरी जाऊन सांगून आली की पोराच्या मनात तसं काही नाही, तिकडची रीतच तशी आहे. हे मला शेजारच्या रमेशनं सांगितलं, मामीनं नाही.

हे सगळं मी शिकलो. एक मात्र जमेना. पाया पडून घेणं.

मला वाटलं होतं, ते एका दिवसापुरतं असेल. पण मामा रोज सकाळी खळ्यावर निघताना, बैलांचा कासरा एका हातात धरून, दुसऱ्या हातानं माझ्या पायांना हात लावायचे आणि जायचे, देव्हाऱ्यापुढे थांबून पुढे निघावं तितक्या सहज. आणि मामा एकटे नव्हते. आई त्या गावची लेक, म्हणजे तिच्या वयाचे आणि त्याहून मोठे सगळे पुरुष तिचे भाऊ, म्हणजे माझे मामा. मी अख्ख्या गावाचा भाचा होतो. तलावावर आंघोळीला जाताना पांढऱ्या मिशांचे, कमरेत वाकलेले मामा वाटेत गाठायचे. मी रस्ता बदलायचो. पाय मांडीखाली घालून बसायचो. कुणी वाकायला लागलं की मीच त्यांचे खांदे धरून त्यांना वर उचलायचो, आणि वर एखादा विनोद करायचो, "मामा, काही हरवलंय का खाली?" पोरं हसायची. मामा लोकही हसायचे, पण जरा उशिरा. मी मनात म्हणायचो, मी परीक्षेत कसाबसा पास होणारा, वडिलांच्या खिशातल्या पैशांवर सिनेमे बघणारा मुलगा, या लोकांनी माझ्या पायांना हात लावावा असं माझ्यात काय आहे? मला तो माझा नम्रपणा वाटायचा. नम्रपणाचाही माज असू शकतो हे कळायला मला अर्धं आयुष्य लागलं.

दिवाळीनंतर त्या भागात गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा भरते. मामांच्या गावची मंडई आली तेव्हा घरात पाय ठेवायला जागा नव्हती. नाटकाचा मंडप ठोकला होता, गोवारी गुराखी ढाल, म्हणजे देवाची सजवलेली उंच काठी, नाचवत गावातून गेले होते, जिलेबीच्या कढया लागल्या होत्या, शिंगाड्यांचे ढीग होते, फुगेवाले होते. मी आणि रमेश जिलेबीच्या दुकानापाशी उभे होतो. दुकानाच्या दुसऱ्या अंगाला चार-पाच मुली होत्या, आणि मी ताठ उभा राहून शहरात राहिल्यासारखं काहीतरी बोलत होतो. तेवढ्यात गर्दीतून हिरामण मामा आले. गल्लीच्या टोकाला राहणारे, वयानं आमच्या घरातल्या सगळ्यांपेक्षा मोठे. आई लहान असताना तिला खांद्यावर बसवून तलावावर नेणारे तेच, असं मामीनं सांगितलं होतं. ते कुठल्याशा लेकीकडे गेले होते म्हणून माझी त्यांची गाठ पडली नव्हती. "हे का बाईचे?" त्यांनी रमेशला विचारलं, बाई म्हणजे माझी आई, आणि उत्तराची वाट न पाहता काठी बगलेत धरून ते वाकले.

मुलींमधली एक हसली. बहुतेक तिच्या मैत्रिणीच्या कसल्यातरी बोलण्यावर हसली असेल. मी झटक्यात पाय मागे घेतले.

हिरामण मामांचे हात जिथे माझे पाय होते तिथे टेकले. तिथे काही नव्हतं. काठी सुटली आणि ते तसेच पुढे, तळहातांवर, दुकानदारानं सांडलेल्या पाकाच्या चिखलात गेले. चार जणांनी त्यांना उठवलं. धोतर भरलं होतं, मनगट धरून ते उभे होते. हिरामण मामाच म्हणाले, "नाई लागलं जी मले. भाचे लाजले." आणि त्यांनी गर्दीला हातानं बाजूला केलं, जणू पडण्याची चूक त्यांचीच होती. मी मान वर केली तर समोर शालिकमामा उभे होते. त्यांनी सगळं पाहिलं होतं. ते माझ्याकडे बघत राहिले, रागानं नाही. आपण पूर्वी कुठेतरी पाहिलेली गोष्ट पुन्हा समोर आली की माणूस जसं बघतो, तसं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामा कासरा घेऊन निघाले आणि माझ्या शेजारून सरळ पुढे गेले. माझ्या पायांना हात लागला नाही. खरं सांगायचं तर पहिल्या क्षणी मला सुटल्यासारखं वाटलं. मग घंटांचा आवाज वळणावर विरला आणि मला अंगणात उभं राहवेना. मामी ओसरीत धान पाखडत होती. मी तिच्यापाशी जाऊन बसलो आणि विचारलं, मामा आता लग्नाला यायचे नाहीत ना?

तिनं सूप खाली ठेवलं. मग तिनं मला माझ्या बारशाची गोष्ट सांगितली. नंदाताई आईच्या माहेरी जन्मली होती, तेव्हा तिथे सगळं रीतीनं झालं. मी जन्मलो आमच्या घरी. मामा तेव्हा पंचविशीचे. भाचा झाला म्हणून ते दोन रात्रींचा प्रवास करून, तांदळाची गोणी डोक्यावर घेऊन, ज्यांची भाषा अर्धीच कळते अशा लोकांत एकटे आले. भरल्या घरात पाळण्यापाशी गेले आणि माझ्या पायांवर डोकं ठेवलं. आमच्या गोतावळ्यातलं कुणीतरी मोठ्यानं म्हणालं, "पावणं, काय नवस बोलताय व्हय पोराकडं?" घर हसलं. बायका हसल्या, पुरुष हसले. माझे वडीलही हसले. ते वाईट माणूस नव्हते, सगळे हसले म्हणून हसले. मामा उठले, बहिणीला जातो म्हणाले आणि पंगतीला न बसता गेले. "मिरजेच्या स्टेशनावर फुटाणे खाल्ले म्हणे," मामी म्हणाली. "बहिणीच्या घरून उपाशी आला माहा नवरा. माहं लगन होऊन वर्षच झालतं. मी इचारलं, काय वाढलं होतं जी बारशाले? तं चूप."

मी खाली मान घालून बसलो होतो. मामी माझ्याकडे बघून एकदम हसली. "तवा तुम्ही चांगले होते भाचेजी. हालले नाई."

आईनं मला का सांगितलं नाही ते मला तिथे, त्या धानाच्या फोलपटात बसून समजलं. तरीही पुढे एकदा मी तिला विचारलंच. ती म्हणाली, "सांगितलं असतं तर तुला हसू आलं असतं रे. मग माझ्यानं तुला पाठववलं नसतं." मी म्हणालो, नसतं आलं. तिनं माझ्याकडे नुसतं पाहिलं. तिला माहीत होतं, आलं असतं.

मी मामीला म्हणालो, मी हिरामण मामांची माफी मागून येतो. पण उठताना लक्षात आलं की माफी मागायची म्हणजे काय करायचं हेच मला माहीत नाही. आमच्याकडे चूक झाली की मोठ्यांच्या पाया पडतात आणि विषय संपतो. इथे तेवढंच एक करायला बंदी होती. मी दारात अडकून उभा राहिलो. मामीला ते कळलं असावं. ती पुन्हा सूप हातात घेत म्हणाली, "माफी कायले मांगता? जा अन् उभे राहा."

हिरामण मामा ओट्यावर शिंगाडे सोलत बसले होते. उजव्या मनगटाला हळदीचं फडकं बांधलेलं, म्हणून डाव्या हातानं, दातांच्या मदतीनं. त्यांच्या सुनेनं लोटा आणला. मी अर्धा लोटा पाणी प्यायलो. त्यांनी सोललेला शिंगाडा माझ्या हातावर ठेवला, मी खाल्ला. मग आणखी एक दिला. मग मी उठून अंगणात त्यांच्यासमोर उभा राहिलो, चपला काढून. ते माझ्याकडे बघत होते. मी म्हणालो, "मामा, काल मी..."

ते काठी धरून उठले. वाकायला त्यांना फार वेळ लागला. आधी काठी, मग गुडघा, मग दुसरा गुडघा. एवढा वेळ हालायचं नाही ही काय गोष्ट आहे हे ज्याच्यावर वेळ आलीय त्यालाच कळेल. पोटऱ्या मागे ओढत होत्या. आपण किती क्षुद्र आहोत हे सांगायला माझ्या जिभेवर दहा वाक्यं आली होती, आणि त्यांतलं एकही त्या माणसाच्या कामाचं नव्हतं. अखेर त्यांचा चांगला हात माझ्या पावलावर आला, कोरडा, खरखरीत, शिंगाड्याच्या पाण्यानं थंड झालेला. तो तिथे राहिला. मी हाललो नाही. वर उठताना त्यांनी माझा दंड धरला आणि धापा टाकत म्हणाले, "मी तुमच्या पाया नाई पडत जी. बाईच्या पडतो. ते दूर जाऊन बसली, मी का करू?"

घरी येताना मी तलावाच्या पाळीवरून आलो. बदकं होती, धोबिणी होत्या, नेहमीचंच सगळं होतं. इतके दिवस मी समजत होतो की हे लोक मला काहीतरी देतायत आणि माझी ते घ्यायची लायकी नाही. ते मला काही देतच नव्हते. माझ्यावाटे पाठवत होते. मी वाटेतला माणूस होतो, आणि रोज सामान दारातूनच परत करत होतो.

दुसऱ्या दिवशी मी मामांच्या आधी उठलो. मामीचा झाडू चालू होता. तुळशीच्या ओट्यापाशी, जिथे मामा पहिल्या दिवशी आदळले होते तिथे, मी अनवाणी उभा राहिलो. थंडी चांगलीच होती. मामा गोठ्यातून बैल घेऊन आले, मला पाहिलं, आणि पुढे गेले. फाटकापर्यंत गेले. मामीनं झाडू थांबवला. "अजी," ती त्यांना म्हणाली, "भाचे उभे आहेत." मामा फाटकापाशीच थांबले. पाठ माझ्याकडेच होती. मला वाटलं, ते मान हलवतील आणि जातील, आणि मी ताईच्या लग्नाला एकटा परत जाईन. मग त्यांनी कासरा फाटकाला गुंडाळला आणि ते मागे आले. माझ्यासमोर उभं राहून त्यांनी माझे पाय पाहिले, मग तोंड पाहिलं. "हालू नोका भाचेजी," ते म्हणाले. रोजच्यासारखा एक हात नाही, त्यांनी दोन्ही हात ठेवले आणि कपाळही टेकलं. केसांना तणसाचा वास होता. उठून टोपी नीट करत, दुसरीकडेच बघत, त्यांनी विचारलं, "नंदाबाईचं लगन कवा आहे म्हणे?"

ताईचं लग्न माघात झालं. मामा आणि मामी दोघं आले, तांदळाच्या गोणीसकट. मामांनी ताईला मांडवात आणलं, तिच्या पाया पडले, माझ्या पडले. मागच्या रांगेत कुणीतरी खुसपुसलं. माझे वडील उठून उभे राहिले. ते मामांच्या शेजारी येऊन उभे राहिले आणि खुसपूस थांबेपर्यंत तिथून हलले नाहीत. मग पहिल्या पंगतीत त्यांनी मामांना आपल्या शेजारी बसवलं आणि स्वतः उठून भात वाढायला लागले. आई स्वयंपाकघराच्या दारातून बघत होती. मामांनी दुसऱ्यांदा भात मागितला तेव्हा ती आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

त्यानंतर मामा पुष्कळदा आले, मीही पुष्कळदा गेलो. दर वेळी मी उभा राहायचो. माझ्या मनातला अपराधीपणा गेला असं मी म्हणणार नाही, तो माझा स्वभावच आहे, माझी बायको म्हणते की मी पावसाचीही माफी मागेन. पण निदान त्या अंगणात मी तो फाटकाबाहेर ठेवायला शिकलो.

मागच्या हिवाळ्यात मुलाला घेऊन गेलो होतो. आता लाखनीपर्यंत रुंद रस्ता झाला आहे, गाडी थेट दारापर्यंत जाते. मामा छपरीत खाटेवर होते. खुब्याचं हाड मोडल्यापासून त्यांना उठता येत नाही. मला पाहून त्यांनी उठायचा प्रयत्न केला, कोपरावर जोर दिला, आणि मामीनं त्यांना परत निजवलं. त्यांचा हात खाटेच्या कडेवरून खाली लोंबत माझ्या पायांकडे येत होता आणि पोचत नव्हता. मी आणखी जवळ सरकलो, तरी पोचत नव्हता. ते त्या हाताकडे बघत राहिले.

आमच्याकडे मोठ्या माणसाच्या अंथरुणाला पाय लागला तरी लगेच हात लावून नमस्कार करतात. आजारी माणसाच्या उशाशी पाय वर घेऊन बसणारा माणूस मी आयुष्यात पाहिलेला नाही. मी बूट काढले, मोजे काढले. खाटेच्या कडेवर बसलो आणि माझे दोन्ही पाय उचलून मामांच्या उशीजवळ, त्यांच्या हाताशी ठेवले. माझा मुलगा दचकून "बाबा" म्हणाला. मामी त्याला म्हणाली, "राहू दे बाबू. तुह्या बापाले येते."

मामांचा हात हळूहळू चादरीवरून सरकत आला. मी हाललो नाही.